पुरस्काराच्या बातमीआधी

जानेवारी २०२५ संपता संपता अमेरिकेतल्या युटा राज्यातून बातमी आली. रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटाला सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळाला होता. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुंबईकर तरुण, 'लग्न कधी करतोस' म्हणून मागे लागलेले नातेवाईक, आणि लहानपणीच्या मित्राशी पुन्हा जुळत जाणारी, हळूहळू प्रेमाकडे वळणारी जवळीक, एवढीच या चित्रपटाची गोष्ट. वर्तमानपत्रांनी चौकट छापली, अभिनंदनाचे संदेश फिरले आणि दोन-चार दिवसांत विषय मागे पडला.

अशा चौकटी वाचून महोत्सव म्हणजे मोठा बक्षीस समारंभ असावा, असं वाटत राहतं. स्वतंत्र चित्रपट आणि माहितीपट यांच्यासाठी मात्र महोत्सव हा निर्मितीचाच एक भाग असतो. पटकथेवर काम करून घेणं, पैसे उभे करणं, परदेशी भागीदार शोधणं, अर्धवट संकलित चित्रपट जाणकारांना दाखवून मत घेणं, पहिला प्रेक्षक मिळवणं, विक्री करणं अशी एरवी मोठ्या निर्मितिसंस्थेच्या कार्यालयात होणारी कामं इथे महोत्सवांच्या आधाराने होतात. पुरस्कार हा या साखळीतला शेवटचा दुवा, आणि बातमी होते ती फक्त त्याचीच.

सनडान्सचाच इतिहास पाहा. अभिनेते रॉबर्ट रेडफर्ड यांनी १९८१ मध्ये सनडान्स इन्स्टिट्यूट सुरू केली, ती युटाच्या डोंगरात नवोदितांसाठी कार्यशाळा घेण्यासाठी. पटकथा घेऊन आलेल्या तरुणांनी अनुभवी लेखक-दिग्दर्शकांसोबत राहायचं, काही प्रसंग चित्रित करून पाहायचे, चुकायचं आणि पुन्हा लिहायचं. त्या राज्यात आधीपासून चालणारा एक चित्रपट महोत्सव संस्थेने काही वर्षांनी आपल्याकडे घेतला. म्हणजे कार्यशाळा आधी आली आणि पडदा नंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. जिथे नुसता पडदा असतो तिथे तयार चित्रपट येतात. जिथे कार्यशाळाही असते तिथे एरवी झालेच नसते असे चित्रपट होतात.

'साबर बोंडं'चा प्रवासही असाच झाला. कानवडे इंटिरिअर डिझायनर म्हणून काम केलेले, कोणत्याही चित्रपटशाळेत न गेलेले दिग्दर्शक. वडिलांच्या निधनानंतर गावी काढलेल्या दिवसांतून त्यांना ही कथा सुचली. व्हेनिसच्या महोत्सव संस्थेच्या 'बिएनाले कॉलेज सिनेमा' या कार्यशाळेत ती घडत गेली. पुढे व्हेनिसच्याच 'गॅप फायनान्सिंग मार्केट'मध्ये चित्रपटाची निवड झाली. हा बाजार कसा चालतो, हे समजून घेण्यासारखं आहे. इथे येणाऱ्या चित्रपटांचा बराचसा निधी आधीच उभा राहिलेला असतो आणि ध्वनी, रंगसंस्कार अशा शेवटच्या कामांसाठी काही रक्कम कमी पडत असते. ती तूट भरून काढू शकणारे निर्माते, वितरक आणि निधी देणाऱ्या संस्था यांच्या ओळीने भेटी ठरवलेल्या असतात. आपला चित्रपट काय आहे, पैसे कशाला हवेत, परत कसे मिळतील, हे एकेका टेबलावर थोड्या वेळात सांगायचं असतं. अखेर भारत, ब्रिटन आणि कॅनडा अशी तिहेरी भागीदारी होऊन चित्रपट पूर्ण झाला.

आपल्याकडे हेच काम गोव्यात होतं. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे इफ्फी, १९५२ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि २००४ पासून गोव्यात स्थिरावला. २००७ पासून त्याला जोडून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, म्हणजे एनएफडीसीचा, फिल्म बाजार भरतो. रसिक पणजीच्या चित्रगृहांसमोर रांगा लावतात, त्याच दिवसांत बाजारात पटकथांच्या फायली आणि अर्धवट संकलित चित्रपट घेऊन दिग्दर्शक फिरत असतात. 'वर्क इन प्रोग्रेस लॅब'मध्ये परदेशी संकलक आणि महोत्सवांचे निवडकर्ते कच्चा चित्रपट पाहतात आणि दिग्दर्शकाला तोंडावर सांगतात की मधली वीस मिनिटं ओढाताणीची आहेत, किंवा शेवट दोनदा येतो. घरच्या मंडळींनी कौतुक केलेला चित्रपट अनोळखी माणसांसमोर उघडा करायला धीर लागतो.

निधीबद्दल बोलताना रॉटरडॅमचं नाव घ्यावंच लागतं. नेदरलँड्समधल्या या बंदरशहरात १९७२ मध्ये ह्युबर्ट बाल्स यांनी महोत्सव सुरू केला, तेव्हा पहिल्या संध्याकाळी सतरा प्रेक्षक आले होते. १९८८ मध्ये बाल्स गेले आणि त्यांच्या नावाने निधी उभा राहिला. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका अशा प्रदेशांतल्या दिग्दर्शकांना पटकथेच्या टप्प्यावर किंवा पुढे मदत करायची, हा त्याचा हेतू. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला या निधीचा हातभार होता. त्याआधीची गोष्ट मला अधिक भावते. विवेक गोम्बर या अभिनेत्याने ताम्हाणे यांना निर्धास्तपणे लिहिता यावं म्हणून दरमहा पैसे दिले आणि पुढे तेच निर्माते झाले. एक लोकशाहीर, त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली असा आरोप, आणि तारखांवर तारखा घेत सरकणारा खटला. स्थिर कॅमेरा, लांबलचक दृश्यं, चेहरे बहुतेक अपरिचित. अशा पटकथेवर कोणत्या व्यावसायिक निर्मात्याने पैसे लावले असते? २०१४ मध्ये व्हेनिसच्या 'ओरिझोन्ती' विभागात 'कोर्ट' सर्वोत्कृष्ट ठरला आणि पहिल्या चित्रपटासाठीचा 'लायन ऑफ द फ्यूचर'ही त्यालाच मिळाला. सहा वर्षांनी ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' थेट व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता आणि पटकथेचा पुरस्कार घेऊन परतला.

इथे विभागांबद्दल सांगायला हवं, कारण बातमीत 'अमुक महोत्सवात निवड' एवढंच असतं आणि त्यातून फारसं काही कळत नाही. मोठ्या महोत्सवात अनेक दालनं असतात. मुख्य स्पर्धा सगळ्यांत चर्चेची. व्हेनिसचा ओरिझोन्ती, म्हणजे क्षितिजं, हा नव्या वाटा शोधणाऱ्यांचा. टोरांटोचा डिस्कव्हरी पहिल्या-दुसऱ्या चित्रपटांचा. लक्ष्मीकांत शेटगावकर यांच्या 'पलतडचो मुनीस' या कोकणी चित्रपटाला तिथेच २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय समीक्षक संघटनेचा पुरस्कार मिळाला. बर्लिनचा जनरेशन विभाग मुलांसाठी आणि किशोरांसाठी असतो, आणि त्यातला क्रिस्टल बेअर मुलंच देतात. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'ला २०१४ मध्ये तो मिळाला. बाप गमावलेला, आईच्या बदलीमुळे कोकणातल्या गावात येऊन पडलेला अकरा वर्षांचा चिन्मय, पाऊस, समुद्र आणि नवे मित्र यांत वाट शोधतो. बर्लिनच्या मुलांना गुहागरचा पाऊस ठाऊक नव्हता, पण नव्या शाळेतला पहिला दिवस त्यांना चांगलाच ठाऊक असणार. या पुरस्काराचं मोल मला कित्येक मोठ्या पुरस्कारांहून जास्त वाटतं.

निवड होते कशी? बहुतेक महोत्सव ठरावीक शुल्क घेऊन प्रवेशिका मागवतात. सनडान्सकडे २०२५ साठी लघुपट धरून पंधरा हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या होत्या; त्यांत पूर्ण लांबीचे चार हजारांहून अधिक. निवडले गेले नव्वदीच्या आसपास. 'साबर बोंडं' ज्या स्पर्धेत होता तिथे दहा चित्रपट होते. आलेल्या चित्रपटांची पहिली चाळणी वाचक-प्रेक्षकांची फळी करते, मग निवडकर्ते बसतात. हे निवडकर्ते वर्षभर गोवा, हाँगकाँग, रॉटरडॅम अशा बाजारांत फिरत असतात आणि पटकथेच्या अवस्थेपासून काही चित्रपटांवर लक्ष ठेवून असतात. त्यामुळे कार्यशाळांतून आलेल्या चित्रपटाला ओळखीचा फायदा मिळतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्याला इंग्रजी संभाषण जमत नाही, व्हिसाचे आणि विमानाचे पैसे नाहीत, असा एखादा गुणी दिग्दर्शक या वर्तुळाबाहेर राहण्याची शक्यता खरीच आहे. या व्यवस्थेतली ही मोठी उणीव आहे.

दुसरी अडचण पहिल्या खेळाची. मोठ्या स्पर्धांना असा चित्रपट हवा असतो जो आधी कुठे दाखवला गेलेला नाही, निदान आपल्या देशाबाहेर तरी नाही. मग निर्माता वाट पाहत बसतो. जानेवारीत सनडान्स आणि रॉटरडॅम, फेब्रुवारीत बर्लिन, मे महिन्यात कान, ऑगस्टअखेरीपासून व्हेनिस आणि टोरांटो, नोव्हेंबरात माहितीपटांसाठी ॲमस्टरडॅम. एकाने नकार दिला की पुढच्याची प्रतीक्षा, आणि तोवर घरच्या प्रेक्षकालाही चित्रपट दाखवता येत नाही.

माहितीपटांची गोष्ट याहून अवघड, आणि मला अधिक जवळची. कथापटाचं चित्रीकरण काही आठवड्यांत आटोपतं; माहितीपटाला माणसांच्या आयुष्याबरोबर चालावं लागतं. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या जत्रांमागून फिरणाऱ्या तंबू टॉकीजवर वर्षानुवर्षं काम केलं. ट्रकमधून उतरणारे गंजके प्रोजेक्टर, खांब रोवून उभा राहणारा तंबू, वेळेवर न पोचणारी रिळं, प्रोजेक्टर दुरुस्तीत आयुष्य घालवलेला कारागीर. या काळातच फिल्मच्या जागी डिजिटल यंत्रं आली आणि तो बदल त्यांच्या कॅमेऱ्यासमोर घडला. 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' २०१६ मध्ये कानमध्ये दाखवला गेला आणि माहितीपटांच्या 'लॉय दॉर' पुरस्काराच्या परीक्षकांनी त्याचा विशेष उल्लेख केला. जत्रेतला तंबू ज्यांनी लहानपणी पाहिला त्यांनी हा चित्रपट जरूर शोधून पाहावा.

सर्वनिक कौर यांचा 'अगेन्स्ट द टाइड' मुंबईच्या दोन कोळी मित्रांबरोबर राहतो. एक बापजाद्यांच्या पद्धतीने किनाऱ्याजवळ जाळं टाकणारा, दुसरा परदेशात शिकून आलेला, मोठी बोट घेऊन खोल समुद्रात जाणारा. मासळी दोघांनाही पुरेशी मिळत नाही. बेकायदा एलईडी दिवे लावून मासे ओढावेत का, या प्रश्नावर मैत्री ताणली जाते. घरातलं बाळ आजारी पडतं, कर्ज वाढतं, रागाने बोललं जातं, आणि कॅमेरा हे सगळं मुलाखत न घेता, निवेदन न लावता पाहतो. २०२३ मध्ये सनडान्सने याच निरीक्षणशैलीसाठी त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार दिला. समोरच्या माणसाला कॅमेऱ्याचा विसर पडेपर्यंत तिथे थांबायचं, आणि विसर पडल्यावर आपली जबाबदारी विसरायची नाही, असं हे कठीण काम आहे. आर्या रोठे, क्रिस्तिना हानेश आणि इझाबेला रिनाल्डी यांचा 'अ रायफल अँड अ बॅग' हाही याच जातीचा: शरण आलेलं एक नक्षल जोडपं मुलाच्या शाळाप्रवेशासाठी जातीचा दाखला मिळवू पाहतं. २०२० मध्ये तो रॉटरडॅमला दाखवला गेला.

या कामाला पैसा लागतो आणि त्याच्या परताव्याची खात्री नसते. म्हणून ॲमस्टरडॅमच्या इडफासारख्या महोत्सवांत 'पिचिंग' चालतं. युरोपातल्या वाहिन्यांचे संपादक आणि निधीसंस्थांचे प्रतिनिधी बसलेले असतात. दिग्दर्शक काही मिनिटांची चित्रफीत दाखवून आपलं म्हणणं मांडतो. कोलकात्याचं डॉकएज अशाच मांडणीसाठी भारतीय माहितीपटकारांना तयार करतं. इथे एक धोका कायम असतो. परदेशी वाहिनीला आपल्या दारिद्र्याची ठरावीक छबी हवी असेल, तर चित्रपट नकळत तिच्याकडे झुकू शकतो. चांगला दिग्दर्शक तो झुकाव ओळखतो आणि रोखतो. वरचे माहितीपट मला म्हणूनच मोलाचे वाटतात. त्यांतली माणसं कुणाच्या दयेची वाट पाहत नाहीत.

भारतात माहितीपटाला मोठा काळ सरकारी चौकट होती. १९४८ पासून फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट चित्रगृहांत मुख्य खेळाआधी दाखवले जात. याच संस्थेने १९९० मध्ये मुंबईत माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू केला, जो आज मिफ म्हणून ओळखला जातो. २००४ च्या महोत्सवासाठी भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्र सक्तीचं केलं गेलं. परदेशी चित्रपटांना ती अट नव्हती. देशभरचे माहितीपटकार एकत्र आले आणि विरोधापुढे अट मागे घेतली गेली. मग निवडीची यादी आली, तेव्हा सत्तेला टोचणारे अनेक चित्रपट बाहेर होते. त्या माहितीपटकारांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात त्याच दिवसांत 'विकल्प' हा स्वतःचा महोत्सव भरवला. राकेश शर्मा यांचा गुजरात दंगलींवरचा 'फायनल सोल्यूशन' तिथे दाखवला गेला, त्याच महिन्यात बर्लिनमध्ये सन्मानित झाला, आणि पुढे काही महिने भारतात त्यावर बंदी राहिली. शर्मा यांनी लोकांना सीडीच्या प्रती काढून वाटायला सांगितल्या.

प्रमाणपत्राचा मुद्दा आजही संपलेला नाही. महोत्सवातले खेळ नोंदणी केलेल्या प्रतिनिधींपुरते असल्याने माहिती व प्रसारण मंत्रालय प्रमाणपत्रातून सूट देतं. ही सूट रोखली की चित्रपट थांबतो. २०१७ मध्ये इफ्फीच्या परीक्षकांनी निवडलेले रवी जाधव यांचा 'न्यूड' आणि सनल कुमार शशिधरन यांचा 'एस दुर्गा' हे दोन चित्रपट मंत्रालयाने यादीतून काढले आणि परीक्षक मंडळाचे अध्यक्ष सुजय घोष यांनी राजीनामा दिला. आनंद पटवर्धन यांच्या 'विवेक'ला २०१८ मध्ये इडफात सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा मान मिळाला. दाभोलकर-पानसरेंच्या हत्यांपासून सुरू होणारा हा चित्रपट दुसऱ्या वर्षी केरळच्या महोत्सवात दाखवायला उच्च न्यायालयाचा आदेश लागला. परीक्षकांनी निवडलेला चित्रपट पाहायचा की नाही, हे प्रौढ प्रेक्षकाने ठरवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पटवर्धन यांचाच 'जय भीम कॉम्रेड' १९९७ च्या रमाबाई आंबेडकर नगरातल्या गोळीबारानंतर आणि शाहीर विलास घोगरे यांच्या आत्महत्येनंतर सुरू झाला. चौदा वर्षांनी तो पूर्ण झाला. त्यात शाहीर संभाजी भगत आहेत, आणि 'कोर्ट'मधल्या शाहिराची गाणीही त्यांचीच. एकाच शाहिरी परंपरेतून एक माहितीपट आणि एक कथापट उभा राहिला. 'जय भीम कॉम्रेड'ला २०१२ च्या मिफमध्ये पुरस्कार मिळाला, आणि तो महाराष्ट्रातल्या वस्त्यांमध्ये उघड्यावर पडदा बांधूनही दाखवला गेला. तिथे प्रेक्षक म्हणून बसले होते तेच लोक, ज्यांच्याबद्दल तो होता.

घरच्या प्रेक्षकापर्यंत पोचतानाच अनेक चित्रपट अडखळतात. 'किल्ला' बर्लिनला २०१४ च्या फेब्रुवारीत गेला आणि महाराष्ट्रात प्रदर्शित झाला २०१५ च्या जूनमध्ये. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात, स्थानिक माणसांना घेऊन केलेला जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' टोरांटोला सप्टेंबर २०२३ मध्ये गौरवला गेला; आपल्याला तिकीट मिळालं मार्च २०२५ मध्ये. 'साबर बोंडं' त्यामानाने लवकर, सप्टेंबर २०२५ मध्ये आला; पायल कापडिया यांचा कानमध्ये गाजलेला 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' भारतात आणणाऱ्या राणा दग्गुबती यांच्या स्पिरिट मीडियानेच तो आणला. मधल्या काळात इतर महोत्सव, देशोदेशींचे विक्रीकरार, प्रमाणपत्र, जाहिरातीचा पैसा आणि चित्रगृहाची तारीख एवढं सगळं जुळावं लागतं. तोवर पुरस्काराची बातमी विरलेली असते, आणि आठवड्यातले मोजके खेळ दुपारी बाराला लागतात.

म्हणून वाचकाच्या हाताशी काही असावं. पुण्यातला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे पिफ, २००२ पासून भरतो आणि त्यात मराठी चित्रपटांची वेगळी स्पर्धा असते. मुंबईत प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी १९६८ पासून काम करते; थर्ड आय आशियाई महोत्सवही मुंबईतच भरतो. मिफ दर दोन वर्षांनी होतो आणि गोव्यात नोव्हेंबरात इफ्फी. वेळापत्रक हाती आलं की ओळखीच्या नावांपाशी थांबू नका. पहिल्या चित्रपटांचा विभाग पाहा, माहितीपटांचा पाहा, आणि दिग्दर्शक हजर असलेला खेळ निवडा. अशा खेळानंतर दिवे लागतात तेव्हा प्रश्न विचारता येतो: हे लोक तुम्हाला कसे भेटले, किती वर्षं लागली, पैसे कुठून आणले. आणि पुरस्काराची पुढची चौकट वाचाल तेव्हा चित्रपटाचं नाव लिहून ठेवा, कारण तो तुमच्या गावच्या चित्रगृहात येईल तेव्हा बहुधा कुणी आठवण करून देणार नाही, आणि पहिल्या तीन दिवसांत प्रेक्षक आले नाहीत तर चौथ्या दिवशी तो उतरवलेला असेल.